एफच्या अलीकडे

कोथरूड-कर्वेनगरातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, चार घरांमागे एका घरात कपाटावर गिटार निघते. काळ्या रेक्झिनची पिशवी, चेन अर्ध्यात अडकलेली. आत पहिली तार तुटलेली आणि उरलेल्या पाचांवर गंज. वाजवणारा मुलगा एव्हाना बंगळुरूला नाहीतर बोस्टनला असतो. “छान वाजवायचा हो, मग दहावी आली,” असं त्याची आई सांगते. दहावीवर आपल्याकडे बरंच काही ढकलता येतं. निम्म्याहून अधिक आयुष्य मी गिटार शिकवण्यात घालवलंय आणि माझा अनुभव असा, की मुलं दहावीत थांबत नाहीत. ती एफवर थांबतात.

एफ ही गिटारवरची एक कॉर्ड. तिच्यापर्यंत सगळं मजेत चाललेलं असतं. ई मायनर दोन बोटांत येते. मग ए मायनर, सी, जी, डी. बोटांची टोकं काही दिवस हुळहुळतात, मग घट्टे पडतात आणि दुखणं थांबतं. एवढ्या भांडवलावर गणेशोत्सवात सोसायटीच्या स्टेजवर एखादं गाणं होतं, टाळ्या पडतात, आजी दृष्ट काढते. आणि मग एफ समोर येते. तिला टाळूनही फार काळ चालत नाही, कारण सी हा षड्ज धरला तर एफ म्हणजे मध्यम, आणि मध्यमाकडे न वळणारं गाणं शोधत बसावं लागतं. तर्जनी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या पहिल्या पडद्यावर, आडवी निजवायची, सहाही तारांवरून, आणि उरलेली तीन बोटं तिच्यापुढे आपापल्या जागी बसवायची. वाजवल्यावर दोन तारा बोलतात, चार नुसत्या ठकठकतात. पोरगं पुन्हा दाबतं, आणखी जोरात दाबतं, मनगट भरून येतं. पुढच्या आठवड्यात त्याला सर्दी होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात क्लास टेस्ट असते.

एफमध्ये खरं तर एक गंमत आहे. तर्जनी सहा तारांवरून जाते म्हणून ती सहाही दाबत असणार, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण पाचवी तार अनामिकेने धरलेली असते, चौथी करंगळीने, तिसरी मधल्या बोटाने. उरल्या पहिली, दुसरी आणि सहावी. तर्जनीला एवढ्या तीनच बोलत्या करायच्या असतात. मधला भाग पोकळ राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्यासाठी बोटाची मऊ बाजू न टेकवता अंगठ्याकडची हाडाची कड टेकवायची, कोपर अंगाजवळ घ्यायचं, आणि अंगठ्याने गिटारची मान आवळण्याऐवजी अख्ख्या हाताचं वजन मागे पडू द्यायचं. हे मी आधी पहिल्या फ्रेटवर करूच देत नाही. हीच आकृती पाचव्या फ्रेटवर धरायला लावतो; तिथे तिची ए होते आणि तारा नमत्या लागतात. तिथे स्वच्छ वाजली आणि पहिल्या फ्रेटवर वाजली नाही, तर बहुतेक वेळा दोष पोराच्या बोटात नसतो, गिटारच्या नटमध्ये असतो.

नट म्हणजे मानेच्या टोकाची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. स्वस्त गिटारींत या खाचा बऱ्याचदा उथळ सोडलेल्या असतात. खाच जास्त खोल गेली तर तार फ्रेटला घासून करकरते आणि गिऱ्हाईक गिटार परत आणतं. उथळ राहिली तर तार उंच राहते, दाबायला कष्ट पडतात, पण गिऱ्हाईक दुकानात जात नाही. ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून घरी बसतं. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो. बारा वर्षांच्या पोराची तर्जनी आणि केसभर उंच राहिलेली तार, एवढ्यावर किती कपाटांची शोभा अवलंबून आहे! त्यात आपला पावसाळा. जुलैत लाकूड दमट होऊन फुगतं, गिटारचं पोट किंचित वर येतं, तारा आणखी उंच होतात. म्हणून जूनमध्ये क्लास लावलेल्या मुलांवर मी जरा जास्त माया करतो.

माझ्या पहिल्या गिटारचं नट मिरजेत घासलं गेलं. आईचा तंबोरा जवारीसाठी सतारमेकर गल्लीत न्यायचा होता, मी गिटारही काखोटीला मारली. कारागिरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, पाठीवर टकटक केली, तारांखालून नजर फिरवली आणि विचारलं, “जवारी खुली ठेवायची का बंद?” मला हसू आलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने असा उतरता करतात, की तार तिच्यावर हलकीशी घासत राहावी. खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली, की ते घासणं खुलतं आणि एका तारेतून अनेक स्वर ऐकू यायला लागतात. तेच घासणं गिटारवर झालं तर आम्ही त्याला बझ म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. कारागिरांनी एकेक खाच उतरवली, दर वेळी तार छेडून कान लावला, आणि गिटार माझ्या हातात देताना म्हणाले, “बंद केलीय बघा. पार गप्प.” त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती.

आईचं गिटारशी शेवटपर्यंत जमलं नाही. फिरंगी वाद्य वगैरे कारण नव्हतं; घरात रेडिओ सिलोन लागायचा आणि तो तिलाही आवडायचा. तिची तक्रार नेमकी होती. मी सीची कॉर्ड वाजवली, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “गांधार चढाय रे तुझा.” मी पुन्हा सूर लावायचो. पुन्हा तेच. हिशेब पुष्कळ वर्षांनी कळला आणि तिचंच बरोबर निघालं. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात, आणि सारखे भाग केले की गांधार त्या नैसर्गिक जागेपेक्षा सुमारे १४ सेंट वर जातो. अर्धस्वराचे १०० सेंट, म्हणजे अर्धस्वराचा साधारण सातवा हिस्सा. जन्मभर तंबोऱ्यापाशी बसलेल्या कानाला तो टोचणारच.

मग असे ठोकायचे कशाला? सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे फ्रेट एकदा बसले की बसले. त्याचं कारण कॉर्ड्स. सीचा जो गांधार, तोच ईचा षड्ज आणि एचा पंचम. एकाची सोय पाहिली की दुसरे दोघे रुसतात. तेव्हा सगळ्यांनाच थोडंथोडं बेसूर ठेवायचं, पण कुणालाही फार नाही, असा हा तह आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवायचे. १५८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी फ्रेट बसवायला १८:१७ हे प्रमाण सांगितलं: उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडला की पुढचा फ्रेट. वाद्यं करणारे पुढे कितीतरी काळ याच अठराच्या नियमाने चालले. आपल्याकडे पेटीवरही हाच आरोप होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेर काढलं आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. गिटारवर बंदी घालायची वेळच आली नाही, कारण रागदारीच्या मैफलीत तिला बोलावलंय कुणी?

ज्यांनी तिला तिथे नेलं, त्या ब्रिजभूषण काब्रांनी फ्रेटच बाजूला ठेवले. गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून स्टीलची कांब फिरवली. मींड मोकळी झाली, गांधार हवा तिथे मिळाला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत काब्रांची गिटार आहे. ती रेकॉर्ड आईला फार आवडायची. “ही गिटार? मग तू वाजवतोस ते काय?” मी वाजवायचो त्या कॉर्ड्स. कांब फिरवली की गांधार मिळतो आणि कॉर्ड्स बहुतेक जातात, कारण सरळ कांबेखाली बोटांच्या वाकड्या आकृत्या मावत नाहीत. मी कॉर्ड्सकडे राहिलो.

त्या मला कॅम्पातल्या सरांनी दिल्या. सदाशिव पेठेतून ईस्ट स्ट्रीटपर्यंत सायकलने जायला फार वेळ लागत नसे, पण परगावी पाहुणं म्हणून गेल्यासारखं वाटायचं. बेकरीचा वास, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, भिंतीवर येशू आणि त्याच्या खाली झोपलेला कुत्रा. सर मूळचे गोव्याच्या सासष्टीतले. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत आणि अनेकांच्या हाती व्हायोलिन देत. त्यांतली पुष्कळ माणसं मुंबईच्या डान्स बँडांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत आली. सॅबेस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात १९७७ मध्ये ते नाव आलं ते त्यामुळे. आमचे सर शेवटच्या रांगेतले. त्यांचं नाव कुठल्याच रेकॉर्डवर नाही. त्या काळी रेकॉर्डिंगला सगळा ताफा एकदम वाजवायचा. कोपऱ्यातल्या एकाचं बोट घसरलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. सर त्या शिस्तीतून आले होते आणि शिकवायचेही त्याच शिस्तीने.

त्यांचा नियम होता: एफ पहिल्याच आठवड्यात. “जिसको जाना है, जाने दो. उसका टाइम बचेगा, मेरा भी.” समोर कार्कासीचं पिवळं पडलेलं पुस्तक, ऑपस ६० मधले २५ अभ्यास. कुणी सिनेमातलं गाणं मागितलं तर म्हणायचे, “वो तो रेडिओ पे आता है ना?” आणि पुढचं पान उलटायचे. पण त्यांनी दिलेलं एक वाक्य मी अजून वापरतो: “कॉर्ड सबको आता है, बाबा. चेंज किसीको नहीं आता.”

सीवरून एफवर जाताना नवखं पोर चारही बोटं उचलतं, हवेत फिरवतं आणि एकेक करून खाली ठेवतं. तोवर गाणं पुढे निघून गेलेलं असतं. सर म्हणायचे, “पहले देखो, कौन नहीं हिलता.” सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते. एफमध्येही ती तिथेच. तर्जनी दुसऱ्या तारेवर उभी असते, ती फक्त आडवी होते. मधलं बोट एक तार खाली सरकतं. करंगळी तेवढी नव्याने येते. एफ म्हणून ज्याला घाबरायचं, त्यातलं निम्मं सीमध्येच धरून झालेलं असतं. हे दाखवताना मी आजही सरांच्याच हिंदीत बोलतो. मुलांना ती माझी लकब वाटते.

एफ कधी द्यावी, यावर मात्र माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. सर पोटासाठी वाजवणारे वादक तयार करत होते. माझ्याकडे येणारी मुलं सिनेमामुळे येतात. १९७३ च्या ‘यादों की बारात’ने आमची पिढी बिघडवली, १९८८ च्या ‘कयामत से कयामत तक’ने पुढची, २००८ च्या ‘रॉक ऑन’ने त्यापुढची. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळं घरच गिटार शिकायला बसलं, तेही स्क्रीनवरून. आवाज क्षणभर उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी मिळून वाजवणं अशक्य, आणि मिळून वाजवल्याशिवाय लय कशी शिकवायची ते मला अजून उमगलेलं नाही. असो. या मुलांना मी एफ उशिरा देतो. आधी छोटी एफ, पहिल्या चार तारांपुरती. गाणं अडत नाही, आणि तेवढ्यात मोठ्या एफची भूक लागते. सर म्हणाले असते, “बाबा, तू क्लास नहीं, दुकान चलाता है.”

अगदीच रडकुंडीला आलेल्या पोराला मी जँगो राइनहार्ट ऐकवतो, आधी काही न सांगता. ऐकून झालं की सांगतो. १९२८ मध्ये, अठराव्या वर्षी, पॅरिसच्या वेशीवर त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जन्माची आखडली. १९३४ मध्ये तो पॅरिसच्या हॉट क्लबच्या पंचकात वाजवत होता, आणि आत्ता ऐकलेले ते वेगवान तुकडे मुख्यतः दोन बोटांवर वाजलेले आहेत. यातून मुलांनी जिद्द वगैरे शिकावी अशी माझी अपेक्षा नसते. जिद्दीची भाषणं शाळेत पुरेशी होतात. हात वेगळा असेल तर कॉर्ड वेगळी धरायची, एवढंच मला दाखवायचं असतं. अंगठा मानेवरून आणून सहावी तार दाबली तरी ती एफच.

तरीही मुलं जातात. आपल्याकडे साधना करणाऱ्याला मान आहे, कानसेनालाही आहे, पण अर्ध्यात सोडणाऱ्याच्या वाट्याला हळकुंडाच्या म्हणीखेरीज काही येत नाही. गिटारला इथे घराणं नाही, गंडा नाही, कान धरणारा बुजुर्ग नाही, त्यामुळे ती सोडताना कुणाचा शापही लागत नाही. तरी सोडून गेलेले विद्यार्थी रस्त्यात भेटले की नजर चुकवतात. त्यातला एक आता औषधांच्या दुकानात बसतो. मला पाहिलं की तो गोळ्यांची पट्टी शोधायला मागच्या फळीकडे वळायचा. एकदा त्याच्या मोबाइलवर गाणं लागलं होतं. सुट्टे पैसे परत देताना तो एकदम म्हणाला, “सर, इथे एफ आहे ना?” होती. गाणं सीमध्ये होतं आणि त्या ओळीवर खालची कॉर्ड एफ होत होती.

आपलं गाणं स्वरामागून स्वर असं पुढे जातं. त्या स्वरांखाली दुसरा एक थर चालू असू शकतो, तो बदलला की वरचा तोच स्वर निराळा भासतो, हे आपल्या संगीतशिक्षणात सहसा कुणी ऐकवत नाही, आणि रागसंगीताला त्याची गरजही नाही. पण आपल्या कानावर दिवसभर पडतात ती सिनेमाची गाणी या दुसऱ्या थरावर उभी आहेत. ज्याने चार-सहा महिने सी आणि जीमध्ये हात हलवलाय, त्याला रिक्षात लागलेल्या गाण्यातही ‘आता बदलणार’ हे आधी कळतं. ज्यांना एफ धरता आली नाही, त्यांनाही ती कुठे यायला हवी ते ऐकू येतं. माझ्या मते मी शिकवतो ते मुख्यतः हे, आणि त्याची फी त्या दुकानातल्या मुलाकडून पुरेपूर वसूल झालेली आहे.

माझंही एक अडलेलं आहे. तार्रेगाच्या ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’मध्ये अंगठा खालचे स्वर वाजवतो आणि अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ इतक्या भरभर पडतात, की सलग आवाज ऐकू यावा. माझी अनामिका रेसभर मागे राहते. सकाळी मेट्रोनोम लावून मी तिच्या मागे लागतो. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा विचारलं, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का.

सध्या मंगळवारी माझ्याकडे गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका येतात. सत्तरी ओलांडलेली. सगळा परिसर त्यांना बाई म्हणतो, मीही म्हणतो, आणि त्या मला कटाक्षाने सर म्हणतात. भजनी मंडळाचा पेटीवाला मुलाकडे नाशिकला गेला, म्हणून साथीसाठी त्यांनी गिटार विकत घेतली. पट्टी पांढरी चार. म्हणजे एफ! ज्या कॉर्डवर पोरं सोडून जातात, तो बाईंचा षड्ज. मी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून दिला आणि त्याच्यापुढे ईची सोपी आकृती धरायला सांगितली; आवाज एफचाच येतो. मंडळ खूश. परवा मात्र बाईंनी कॅपोकडे चष्म्यावरून पाहिलं.

“हा चिमटा नक्की करतो काय, सर?”

“पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरतो.”

“म्हणजे तुमची ती मोठी एफ म्हणजे ई अधिक चिमटा. आणि चिमट्याच्या जागी पहिलं बोट.”

“हो.”

“तेच म्हटलं. म्हणून मी घरी ई उरलेल्या तीन बोटांनी धरायला घेतलीय. पहिलं मोकळं ठेवते.” त्यांनी धरून दाखवली. मधलं बोट, अनामिका, करंगळी, तिन्ही जागच्या जागी, आणि तर्जनी वर उचललेली, वर्गात मुलांना गप्प करताना उचलतात तशी. “काढा तो चिमटा. मंगळवारपर्यंत घासते. एकादशीला नाही जमलं, तर परत लावू.”